मुंबई–बसरा टपालमार्ग आणि ‘डी’ वर्गाच्या चार बोटी

बहारीनमधील मनामा शहराच्या पूर्वेकडील हूरा हा भाग ज्या उथळ समुद्राच्या काठी वसला, त्याचा बराचसा विस्तार भराव घातल्यामुळे आज जमिनीखाली गेला आहे. परंतु 1962 मध्ये मीना सलमान हे खोल पाण्याचे बंदर सुरू होईपर्यंत मुंबईहून येणारी बोट याच मनाम्यासमोर किनाऱ्यापासून दूर नांगर टाकीत असे आणि उतारू, टपालाच्या थैल्या व माल छोट्या होड्यांतून धक्क्यावर आणला जाई.

मुंबई ते बसरा हा जलमार्ग ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने 1862 मध्ये टपालाच्या करारावर सुरू केला. सरकारी टपाल ठरलेल्या वेळी पोहोचवण्याबद्दल मिळणारी वार्षिक रक्कम, म्हणजे टपाल अनुदान, हाच या व्यवहाराचा पाया होता. बहारीनमधील इंग्रजांचा कारभार 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, तेथे 1884 मध्ये भारतीय टपाल कचेरी उघडली आणि बाजारात रुपया चालत असे. साहजिकच मुंबईची बोट हे त्या बेटाच्या व्यवहाराचे घड्याळ बनले.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने अनेक जहाजे गमावली होती आणि आखातावर चालणाऱ्या ‘व्ही’ वर्गाच्या जुन्या बोटी पहिल्या महायुद्धाच्या काळातील होत्या. तेव्हा या मार्गासाठी प्रत्येकी सुमारे पाच हजार टनांच्या चार नव्या बोटी बांधून घेतल्या गेल्या: ‘डुमरा’ 1946 मध्ये, ‘द्वारका’ 1947 मध्ये, ‘दारा’ 1948 मध्ये आणि ‘डारेसा’ 1950 मध्ये तयार झाली. विशेष म्हणजे बहारीनमार्गे हवाई टपाल 1932 पासूनच जात होते आणि त्याच वर्षी तेथे तेल सापडले होते. म्हणूनच या बोटींचे खरे गणित टपालावर नव्हे, तर डेक पॅसेंजरवर, अर्थात केबिनऐवजी डेकवर जागा घेणाऱ्या गरीब उतारूवर बेतलेले होते, असे मानणे भाग पडते. केबिनमध्ये मोजक्याच लोकांची सोय असलेल्या या बोटींत डेकवर मात्र शेकडो माणसे मावत. वळकटी, पत्र्याची पेटी आणि घरून बांधून आणलेली शिदोरी घेऊन मजूर, कारागीर व छोटे व्यापारी मालाच्या फळ्यांवर ताडपत्रीखाली पथारी पसरत. ज्यांच्या भाड्यावर ही बोट चालली, त्यांच्याच वाट्याला तिच्यातील सर्वांत कमी सोय यावी, ही गोष्ट या इतिहासात नीट नोंदली गेली पाहिजे. अशा बोटींवरच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील आणि गोव्यातील माणसांचा भरणा मोठा असे. त्यांचा मुकादम तो सारंग आणि त्याच्या हाताखालचा तो टंडेल.

या गर्दीची किंमत 8 एप्रिल 1961 रोजी मोजावी लागली. दुबईजवळ ‘दारा’वर स्फोट होऊन आग लागली आणि जहाजावरील 819 जणांपैकी 238 जणांचा मृत्यू झाला, बोट ओढून नेली जात असताना दोन दिवसांनी बुडाली. हा स्फोट घडवून आणलेला होता, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला.

यानंतरही उतारू येतच राहिले, मात्र या मार्गासाठी ‘डारेसा’नंतर कंपनीने नवी प्रवासी बोट बांधून घेतली नाही, कारण तेलाच्या पैशाबरोबर विमानाचे तिकीट मजुराच्याही आवाक्यात येऊ लागले होते. जुन्या चौकडीतील शेवटची ‘द्वारका’ 1982 पर्यंत मुंबई आणि आखात यांच्यामध्ये फेऱ्या मारीत होती आणि त्याच वर्षी ती कराचीजवळील गडानी येथे मोडीत निघाली.