घणसोलीला परत येताना

मस्कतला नऊ वर्षं काढून आम्ही घणसोली गावात परत आलो, त्याला आता चार वर्षं होतील. आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको आणि तेव्हा सहा वर्षांची असलेली आमची लेक. आमच्यातला एक जण इथेच जन्मला, दुसरी अलिबागकडची. परतण्याच्या अनुभवावर बोला असं सांगितलं, तेव्हा वाटलं की बॅगा, शाळा आणि डास यांच्यावर बोलून वेळ भागेल. पण या चार वर्षांत घरातल्याच दोन बायकांकडून आम्हाला गावाचा जो इतिहास कळला, तो सांगितल्याशिवाय आमचं परतणंही नीट सांगता येणार नाही.

अमेरिकेला गेलेलं कुटुंब परत यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा करतं. आखातात ती सोय नाही. तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की व्हिसा संपला. त्यामुळे आखातातला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या वाटेवरच असतो. कधी ही वाट एकदम अंगावर येते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला आणि तिथले पावणेदोन लाखांच्या घरातले भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणले गेले. कित्येक बायका पोरं कडेवर घेऊन, नेसत्या कपड्यानिशी उतरल्या होत्या. त्यामानानं आमचं परतणं सुखाचं. कंपनीनं हिशेब चुकता केला, आम्ही सामान विकलं, गाद्या शेजाऱ्यांना दिल्या आणि आलो.

आलो खरे, पण रुळायला वेळ लागला. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा. पहिले तीन-चार रविवार लेक सकाळी उठून दप्तर शोधायची. स्टेशनवरून येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "गावात की सेक्टरला?" आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. घणसोली म्हणजे गाव, बाकी खार आणि खाडी. आता गाव म्हणजे उंच इमारतींच्या मधली दाट वस्ती. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या गॅलऱ्या इतक्या जवळ की पलीकडच्या घरातली फोडणी कशाची आहे ते वासावरून कळतं. मस्कतच्या उन्हाला कंटाळलेली आमची पोर इथे आल्यावर विचारायची, ऊन कुठून येतं?

भाषेचंही तसंच. आमच्या आगरी बोलण्यात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल'. शाळेची शाला, पाण्याचं पानी. लेकीला आम्ही परदेशात पुस्तकातलं मराठी शिकवलं होतं, कौतुकानं. दोन महिन्यांत ती चुलत भावंडांसारखं बोलायला लागली आणि आम्ही तिला सुधारायला लागलो. एकदा जेवताना असंच तिला टोकलं आणि सासूबाई पानावरून उठल्या. बोलल्या काहीच नाहीत. आम्ही पोरीची भाषा सुधारत नव्हतो, तिच्या आजीला चुकीची ठरवत होतो, हे समजायला आम्हाला दोन दिवस लागले. त्यानंतर मात्र आम्ही गप्प बसून ऐकायला शिकलो. सासूबाईही मग बोलायला लागल्या.

त्यांच्या डोक्यात सेक्टर नाहीत. बाजारात जायला निघाल्या की म्हणणार, अमक्याच्या खारीवरून जाते. तिथे आज चौदा मजली इमारत आहे आणि खाली औषधांचं दुकान. खार म्हणजे खाडीच्या भरतीला मातीचा बांध घालून अडवलेली जमीन. बांधाला उघाडी असायची. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायची. पावसानं मातीतलं मीठ धुतलं की भात लावायचं. 'राता'सारखं खारं सोसणारं तांबडं भात अशाच जमिनीत येतं. बांधाला खांड पडली तर खारं पाणी आत शिरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं वाया. म्हणून खांड पडल्याची हाक आली की कुणाची शेती ते न बघता सगळं गाव चिखलात उतरायचं. बायका डोक्यावरून मातीच्या टोपल्या वाहायच्या.

तेवढंच काम नव्हतं. आवणी बायकांची, भात झोडायला बायका. मिठागरात बायका. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं गोळा करणाऱ्या बायका, आणि पाटी घेऊन विकायला जाणाऱ्याही त्याच. सासूबाई सांगतात, घरात रोख पैसा यायचा तो त्यांच्या सासूच्या पाटीतून. शेतातून यायचं ते पोटाला.

मग शहर आलं. १९६५ साली 'मार्ग' या मासिकात मुंबईच्या खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली गेली. मांडणारे तिघे : चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता. (तिघांत एक बाई होत्या, हे आम्हाला आत्ता आत्ता कळलं.) त्याआधीच ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला कारखान्यांसाठी जमिनी जायला लागल्या होत्या. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीचं संपादन सुरू झालं. गावठाण तेवढं गावाकडे राहिलं. शेतं, खारी, मिठागरं गेली.

मिळालेला मोबदला तुटपुंजा होता आणि त्यावरून पेटलेलं आंदोलन दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं चाललं. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर फाट्याच्या बाजूला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या आंदोलनात बायकाही रस्त्यावर होत्या. साडेबारा टक्क्यांची योजना त्या रक्तातून आली : संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात येतात पावणेनऊ. म्हणजे एकरातले साधारण साडेतीन गुंठे. अन्याय मोठा होता, लढाई मोठी होती, आणि तरीही ही योजना मिळवणं ही लहान गोष्ट नाही. देशात किती तरी धरणग्रस्तांना एवढंही मिळालेलं नाही.

पण सासूबाईंचं दुखणं वेगळं आहे आणि ते आम्ही कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही. मोबदला मिळाला तो जमिनीचा. बांधावर वाहिलेल्या टोपल्यांचा, चिखलातल्या कालवांचा, पाटीचा मोबदला कुणी मोजलाच नाही. सातबारावर पुरुषांची नावं, म्हणून पैसे पुरुषांच्या हाती. कारखान्यांत, महामंडळात नोकऱ्या लागल्या त्याही बहुतेक पोरांना. ज्या बाईच्या पदराला कालपर्यंत स्वतःचे पैसे बांधलेले असायचे, तिला मीठ आणायलाही नवऱ्याकडे हात पसरायची वेळ आली. गाव सोडून न जाताच त्यांना सगळं पुन्हा शिकावं लागलं. पैसे कुठून आणायचे, सकाळी उठून कुठे जायचं, बोलायचं कसं. आम्ही मस्कतहून आल्यावर जे चार वर्षं करतोय, ते त्या पन्नास वर्षं करतायत.

त्यावर त्यांनी काढलेली वाट म्हणजे भाड्याच्या खोल्या. घरावर मजला, मजल्यावर मजला. १९९२ साली महापालिकेचा कारभार सुरू झाला, २००४ मध्ये ठाणे-तुर्भे मार्गावर लोकल धावू लागली आणि घणसोलीत खोल्या शोधणारे वाढले. गावोगावच्या या मजल्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि त्यांच्या कागदपत्रांचा घोळ अजून मिटलेला नाही. पण भाडं कुणाचं थकलं, पाणी कुणाला पुरलं नाही, कुणाची बायको बाळंत व्हायची आहे, हा सगळा हिशेब आजही घराघरातल्या सासूबाईंकडे असतो. पाटी गेली, हा हिशेब आला.

आता आत्यांचं. सासऱ्यांची ही धाकटी बहीण, १९८३ साली लग्न होऊन शेजारच्याच गावात गेलेली. गौरीला येते, येताना सुकट आणते. लेकीनं एका गौरीला सहज विचारलं, "आत्याआजी, तुमची खोली कुठली?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न राहिला. सासरे गेले होते, तेव्हा जुन्या पिशवीतले कागद काढून बघितले. आमचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला तेव्हा वारसांमध्ये आत्यांचं नाव होतं. पुढे हक्कसोडपत्र, त्यावर त्यांचा अंगठा. बदल्यात काय मिळालं असं विचारलं तर म्हणाल्या, साडी आणि जेवण, आणि जेवण चांगलं होतं.

कायदा काय म्हणतो ते मग आम्ही शिकलो. वडिलांच्या वाट्यात मुलीचा भाग १९५६ पासून होताच. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्राच्या कायद्यानं ती अट राहिली नाही. तरी एकदा अंगठा उठवलेला हक्कसोड कायदा आपणहून मागे जाऊन फाडत नाही. आणि नातं तुटेल या भीतीनं अंगठे उठतच राहतात. भाऊ माहेर असतो ना.

आमचं घर त्याच भूखंडाच्या पैशांवर आणि थोडं मस्कतच्या पगारावर उभं आहे. आत्यांच्या नावावर एक खोली करायची म्हटलं तर ज्या घराचेच कागद अर्धे, त्यातली खोली कशी करून देणार? म्हणून आम्ही एवढंच केलं : तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचं भाडं दर महिन्याला त्यांना जाऊन द्यायचं. घरात यावर वाद झाले, दीर अजून धड बोलत नाहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, पहिल्या तारखेलाच द्या, लांबवू नका.

पहिल्या महिन्याचे पैसे आत्यांनी न मोजता डब्यात टाकले आणि डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या महिन्यापासून त्या नोटा मोजून घेतात आणि भाडं वाढवलं का, असंही विचारतात.