तुरुंगाची भेटवही

भिलाईचा इतिहास सांगू लागले की पहिल्याने पोलादाची भट्टी डोळ्यांपुढे येते. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात एक आखीव नगर उभे राहिले. विदर्भातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तेथेच स्थिरावली. रस्ते, शाळा, रुग्णालय, बाजार हे सारे या नगराने नव्याने घडवले. तुरुंग मात्र शेजारच्या जुन्या गावाचाच वापरला. भिलाईचा आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला की तो दुर्गच्या कारागृहात जातो.

दुर्ग जिल्हा १९०६ साली निर्माण झाला तेव्हा तो मध्य प्रांतात होता आणि त्याचे दफ्तर नागपूरला जात असे. १९५६ नंतर ते भोपाळला जाऊ लागले, १ नोव्हेंबर २००० पासून रायपूरला. अशा तीन राजधान्या झाल्या. परंतु विसावे शतक सरेपर्यंत तिन्ही ठिकाणी तुरुंगाचा मूळ कायदा एकच राहिला, तो म्हणजे १८९४ चा. या कायद्याने अभ्यागतांच्या नेमणुकीचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि त्या नियमांतून भेटवही ही वस्तू तुरुंगाच्या कचेरीत रूढ झाली. बंदिवासावर बाहेरच्या माणसाची नजर असावी या विचाराचा आपल्याकडील इतिहास पुष्कळसा या वहीचाच इतिहास आहे.

वहीची रीत साधी आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी असे पदसिद्ध अभ्यागत आणि सरकारने नेमलेले काही अशासकीय गृहस्थ तुरुंगात येतात, बराकी, भटारखाना व दवाखाना पाहतात, कैद्यांना दोन प्रश्न विचारतात आणि वहीत शेरा लिहितात. त्या शेऱ्याची नक्कल अधीक्षक स्वतःचा खुलासा जोडून महानिरीक्षकांकडे पाठवतो. महानिरीक्षक त्यावर आदेश देतो अथवा कागद दफ्तरदाखल करतो. या साखळीत अभ्यागताचे स्थान शेरा लिहिण्यापुरतेच आहे. त्याला स्वतःची कचेरी नाही, कारकून नाही, आवक-जावक नोंदवही नाही. मागच्या वेळी काय लिहिले होते आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारायचे तर ज्याची तपासणी करायची त्याच्याच कपाटातून कागद मागवावा लागतो. नजर बाहेरची खरी, पण तिचे दफ्तर आतले, हा या व्यवस्थेतला मूळचा पेच होय.

त्यामुळे तुरुंगाच्या आतील हकीकत समाजाला कळली ती प्रथम वहीतून नव्हे, तर बंदीवानांच्या लेखणीतून. कोल्हापूर प्रकरणातील बेअब्रूच्या खटल्यात गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांना १८८२ साली मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. बाहेर आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. मराठीत तुरुंगाची झडती घेणारे ते आरंभीचे लेखन. पुढे १९२७ साली विनायक दामोदर सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ प्रसिद्ध झाले आणि अंदमानची कोठडी घरोघरी पोचली. या दोहोंच्या मध्ये १९१९-२० साली सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समिती हिंडली. तिने शिक्षेचा हेतू सुधारणा हा असावा असे प्रतिपादन केले आणि अंदमानला कैदी पाठवण्याची पद्धत बंद करावी अशी शिफारस केली. समिती आली, तिने पाहिले, अहवाल दिला आणि ती विसर्जित झाली. विसर्जित झालेल्या समितीला स्मरणपत्र पाठवता येत नाही. अहवाल कितीही थोर असला तरी त्याच्यामागे रोजची कचेरी नसेल तर त्याचे पालन तपासण्यास कोणी उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर कारागृहे हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांकडे राहिला. प्रत्येक राज्याने आपापली नियमपुस्तिका चालू ठेवली, आणि तिच्यासोबत वहीही. हा संथपणा मोडला तो १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, एका कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धाडलेल्या पत्रामुळे. ‘सुनील बत्रा’ खटल्याच्या दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात असा आदेश दिला. त्या जिल्हाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या अखत्यारीत असाव्यात आणि प्रत्येक कैद्याला तेथवर पोचता यावे, असे त्यात होते. पेटीपेक्षा तिची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे येथे न्यायालयाने ओळखले होते.

याच सुमारास मुंबईत घडलेली घटना या इतिहासातील सर्वांत बोधप्रद होय. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा महिला बंदींच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. शासनाच्या उत्तराची वाट पाहत न बसता न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन महिलांशी एकांतात बोलण्यास व अहवाल देण्यास सांगितले. तपासणी करणारी व्यक्ती तुरुंग खात्याची नव्हती, गृहखात्याचीही नव्हती आणि तिचा अहवाल अधीक्षकाच्या खुलाशाविना थेट न्यायासनापुढे जाणार होता. शतकभराच्या साखळीतील दोन कड्या येथे गळून पडल्या.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालातील आदेश वाचताना ध्यानात येते की त्यांत घोषणा थोड्या आणि दफ्तराची कामे पुष्कळ आहेत. कच्च्या कैद्यांच्या याद्या कारागृह अधीक्षकांनी जिल्ह्याच्या विधीसाहाय्य समितीकडे पाठवाव्यात. त्यांत प्रवेशाची तारीख व शक्यतो आरोप नमूद करावा. स्त्रिया व पुरुष यांच्या याद्या वेगळ्या असाव्यात. वकील कोणत्या दिवशी येणार याची सूचना तुरुंगात ठळकपणे लावावी. महिलांच्या कोठडीवर महिला पोलीस असावेत आणि शहरातील पोलीस कोठड्यांना सत्र न्यायाधीशांनी पूर्वसूचनेशिवाय भेट द्यावी, असेही त्यात होते. यादी पाठवणे ही वरकरणी किरकोळ बाब. परंतु ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्यापर्यंत वकील पोचत नाही. आणि ज्याच्या नावापुढे प्रवेशाची तारीख नाही, तो किती काळ आत आहे हे कोणालाच सांगता येत नाही. एका रकान्याच्या अभावी माणसाची वर्षे जाऊ शकतात.

न्यायालयाचे काम प्रकरणापुरते असते. सातत्याने पाहणाऱ्या संस्थेची गरज त्याने भागत नाही. न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० ते १९८३ या काळात देशभरच्या तुरुंगांचा अभ्यास करून कारागृहांसाठी कायमस्वरूपी राष्ट्रीय आयोगाची शिफारस केली होती. तसा केवळ तुरुंगांसाठीचा आयोग झाला नाही. इंग्लंडात मात्र १९८२ च्या कायद्याने कारागृहांच्या मुख्य निरीक्षकाचे पद तुरुंग प्रशासनापासून वेगळे निर्माण करण्यात आले. आपल्याकडे दहा वर्षांनंतर जे आले ते अधिक व्यापक रूपात आले. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यान्वये राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि तुरुंगांना भेट देऊन बंदींच्या राहणीमानाचा अभ्यास करणे हे त्याचे एक काम ठरले.

आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र होते. परंतु आयोगाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जे सर्वांत दूरगामी पाऊल पडले, ते कचेरीतून निघालेल्या एका पत्राचे. १४ डिसेंबर १९९३ रोजी महासचिव आर. व्ही. पिल्लै यांनी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना लिहिले, की कोठडीत मृत्यू अथवा बलात्कार झाल्यास जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनी चोवीस तासांच्या आत आयोगाला कळवावे; वेळेत न कळवल्यास घटना दडपण्याचा प्रयत्न झाला असे गृहीत धरले जाईल. पत्राचे सामर्थ्य त्याच्या शेवटच्या वाक्यात होते. तोवर मौनाला किंमत मोजावी लागत नव्हती. आता मौन हीच एक नोंद झाली. दुर्गसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेला कागद राज्याच्या राजधानीत न अडकता थेट दिल्लीच्या आवक नोंदवहीत चढू लागला, त्याला क्रमांक मिळाला, आणि क्रमांक मिळाला म्हणजे उत्तर मागण्याचा आधारही मिळाला. भेटवहीला इतकी वर्षे जे लाभले नव्हते ते हेच.

असे असूनही मूळचा पेच पुरता सुटला नाही. मूळ कायद्यात तुरुंगभेटीपूर्वी राज्य शासनाला कळवण्याची अट होती. ती २००६ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. पण महासचिव केंद्र सरकारच्या सचिव दर्जाचा अधिकारी असावा आणि तो सरकारने उपलब्ध करून द्यावा, तपासासाठीचा पोलीसवर्गही सरकारनेच द्यावा, ही तरतूद कायम राहिली. राज्य आयोगांचीही रचना तशीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली सर्व प्रशासकीय व आर्थिक अधिकार महासचिवाकडे आले. म्हणजे कचेरीचे महत्त्व कायद्याने मान्य केले, पण कचेरीप्रमुख शासनाच्या सेवेतून यावा हा संकेत बदलला नाही. मानवी हक्क संस्थांच्या जागतिक संघटनेने २०१६, २०२३ आणि २०२४ साली भारताच्या आयोगाच्या दर्जाचा निर्णय लांबणीवर टाकला, तेव्हा घेतलेल्या आक्षेपांत हाही एक होता. आज येथे असलेला अधिकारी उद्या त्याच खात्यात परतणार असेल, तर त्याच्या स्मरणपत्राची भाषा कितपत कठोर राहील, हा प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नसून रचनेचा आहे. अशा पदावर सचोटीने काम केलेले अधिकारी झाले नाहीत असे नाही. पण केवळ सचोटीवर उभी असलेली संस्था बदलीच्या एका हुकुमाने खचू शकते.

भिलाईच्या वाट्याला या इतिहासाचा कठीण भाग आला. १९९० नंतर तेथील खासगी कारखान्यांतील कामगारांची चळवळ उभी राहिली. तिचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी १९९१ च्या आरंभी दुर्गच्या तुरुंगात काही काळ काढला आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. त्या कामगारांचे खटले पुढे ज्यांनी चालवले, त्या वकील सुधा भारद्वाज यांना ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. येरवडा व भायखळा येथील तुरुंगांत राहून डिसेंबर २०२१ मध्ये त्या जामिनावर सुटल्या. येरवड्यातील सहबंदी स्त्रियांविषयीचे त्यांचे पुस्तक २०२३ साली आले. त्या खटल्याविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट विचार करायला लावते. आगरकरांच्या पुस्तकानंतर एकशे एकेचाळीस वर्षांनीही महाराष्ट्राच्या तुरुंगातील दैनंदिन जिणे वाचकाला कळते ते आतून बाहेर आलेल्या सुशिक्षित माणसामुळेच. लिहिता न येणाऱ्या बंदीसाठी जी वही होती, ती मात्र कपाटातच राहिली.

वही उघडी असली तरी तिच्यात काय उमटते, हाही प्रश्न आहे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने हे उघड केले. अनेक राज्यांच्या नियमपुस्तिकांत स्वयंपाक अमुक जातींनी करावा, सफाई तमुक जातींनी, अशा तरतुदी होत्या. त्या घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. या पुस्तिका लागू असताना किती अभ्यागत बराकींतून फिरले असतील आणि किती शेरे लिहिले गेले असतील! पण तपासणी नियमाच्या कसोटीवर होत होती आणि येथे दोष नियमातच होता. ‘सर्व काही नियमानुसार’ हा शेरा खरा असूनही अन्याय झाकणारा ठरला. याच निकालात जिल्हा विधीसेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी संयुक्तपणे नियमित पाहणी करावी असाही आदेश आहे. म्हणजे एकशे तीस वर्षांनी न्यायालय पुन्हा त्याच अभ्यागताकडे वळले आहे. फरक इतकाच, की या वेळी त्याच्या जोडीला तुरुंगाबाहेर कचेरी असलेले एक प्राधिकरण आहे.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली, त्याचे अनुसमर्थन अद्याप झालेले नाही. त्या कराराला २००२ साली जोडलेल्या पुरवणी मसुद्यात प्रत्येक देशाने स्वतंत्र तपासणी यंत्रणा उभारावी असे आहे आणि तिला स्वतःचे मनुष्यबळ व स्वतःचा निधी असावा यावर त्यात भर आहे. भारत त्यात सामील नाही. तथापि त्यातील मागणी आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. डोंगरीपासून दुर्गपर्यंतचा अनुभव तेच सांगत आला आहे. तपासणारा कितीही निर्भय असला तरी तो संध्याकाळी तुरुंगाबाहेर पडतो. त्याने जे पाहिले ते रात्रीनंतरही टिकावे, त्याला तारीख आणि क्रमांक मिळावा, उत्तर आले नाही तर दुसरे पत्र जावे आणि जबाब देणाऱ्या कैद्याचे त्यानंतर काय झाले हे महिनाभराने पुन्हा विचारले जावे, यासाठी लागणारा माणूस कचेरीत बसलेला असतो. त्याचे नाव कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर येत नाही. पण त्याचे वेतन कोण देतो, त्याची बदली कोण करतो आणि त्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, यावर बराकीतल्या माणसाचे बोलणे बाहेर पोचणार की नाही हे ठरत असते.