पायलीपासून किलोपर्यंत



शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की आपल्या केडगावात संध्याकाळी घराघरांतून एकच पाठांतर ऐकू येतं. शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, हजार ग्रॅम म्हणजे एक किलो, शंभर किलो म्हणजे एक क्विंटल. पहिल्या पेपरात ७५ प्रश्न, त्यांतले ५० गणिताचे, आणि मापांचं रूपांतर त्यात ठरलेलंच. पोरं तिथेच अडतात. "पाऊण क्विंटलमधून साडेबारा किलो काढले तर किती उरले?" असं विचारलं की पेन्सिल चावत बसतात. आणि शेजारी भाकरी थापणारी आई म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं, सरांना विचार." तीच आई नेप्तीच्या बाजारातून आलेली कांद्याची पट्टी मात्र एका नजरेत तपासते. म्हणून आज आम्ही ठरवलं, की या रूपांतराची जुनी गोष्ट सांगायची.

आपल्या पणज्यांचं कोष्टक असं होतं. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत प्रत्येक पायरी दुपटीची आहे, हे लक्षात घ्या. एका पायलीत ६४ निळवी आणि त्या काळच्या रुपयातही ६४ पैसे. सगळं अर्ध्यावर आणि पावावर चालायचं, म्हणून पाढेही तसेच होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही "दीड पायलीचे शेर किती" याला विचार करावा लागत नसे.

पण या कोष्टकात एक गोम होती. पायली गावोगाव सारखी नव्हती. मण कुठे सोळा पायल्यांचा, तर कुठे बारांचा. त्यात माप भरायची रीत वेगळी. कुणी शीग लावून भरायचं, कुणी वरून हात फिरवून सपाट करायचं. काढणीच्या मजुरीचं धान्य बाईच्या पदरात मापानंच पडे. मग शिगेचं माप की सपाट, यावर तिच्या घरच्या दोन दिवसांच्या भाकरी ठरत. 'मापात पाप' हा शब्द उगीच नाही आला. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची चाल आपल्याकडे अजून काही घरांत आहे. लाभ, दोन, तीन. तो लाभ नेमका कुणाचा, हे माप कुणाच्या हातात आहे त्यावर असायचं!

जमिनीचंही तसंच. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. हात कुणाचा, मूठ कुणाची, हा प्रश्न तिथेही होताच. इंग्रजांची मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली आणि ३३ फुटांची साखळी आली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज सातबारावर एकर दिसत नाही, हेक्टर आणि आर दिसतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून थोडा जास्त. दोघं इतके जवळ, की बोलताना आपण आरला गुंठा म्हणून मोकळ्या होतो. साधारण अडीच एकरांचा हेक्टर. सातबारावर ०.८१ दिसलं की ते एकर समजू नका, दोन एकर आहेत ते. वाटणीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी एवढं रूपांतर तरी आपलं आपण करावं.

आता किलोकडे येऊ. आधी बदलले पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्याचे २५, आठ आण्याचे ५०, इथवर ठीक. पण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, तो सहा धरला. तीन आण्याचे पावणेएकोणीस, ते एकोणीस धरले. पावाचा पैसा कुठून आणणार? पाठोपाठ १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक वजनं ठरली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ पर्यंत जुनी वजनं बाजारातून गेली. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, ४० शेरांचा मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम. किलो शेरापेक्षा ६७ ग्रॅमनं मोठा. म्हणजे शेराला रुपया असा भाव असेल, तर किलोला एक रुपया सात पैसे व्हायला हवेत. दुकानदारानं सव्वा रुपया सांगितला तर वरचे अठरा पैसे कशाचे, हे विचारायला रूपांतर यावं लागत होतं. बाजारहाट करणाऱ्या बायकांची ही परीक्षाच होती, आणि तिला गुणपत्रिका नव्हती.

पायलीचं किलोत रूपांतर मात्र कुठल्याच कोष्टकात बसलं नाही. पायली जागा मोजते, किलो वजन मोजतो. एक पायली ज्वारीचं वजन आणि एक पायली पोह्यांचं वजन एक कसं असेल? परीक्षेतही पोरं इथेच फसतात, लिटरचे किलो करून मोकळी होतात. पाण्याला ते चालतं, तेलाला चालत नाही. एक लिटर गोडेतेल किलोपेक्षा हलकं भरतं.

सोन्याचं सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं व्हायचं नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे आपण तोळा म्हणतो तो बहुधा १० ग्रॅमचा. आजीनं दिलेला जुना पाच तोळ्यांचा दागिना खरा ५८ ग्रॅमांहून जास्त भरायला हवा. तो मोडून "पाच तोळे" म्हणून नवा केला आणि हातात ५० ग्रॅम आले, तर आठ ग्रॅम कुठे गेले? आमच्यातल्या एका बाईंच्या घरी हे झालं होतं, आणि कळलं ते दहा वर्षांनी, नातीला तोळा-माशाचा पाढा शिकवताना. तेव्हा मोडीची पावतीही उरली नव्हती. म्हणून दागिना मोडायला नेताना तोळ्यात बोलू नका, ग्रॅममध्ये बोला, आणि काट्यावरचा आकडा आपल्या हातानं लिहून घ्या.

जुनी मापं पुस्तकातून सगळी गेली असंही नाही. बारा डझनांचा ग्रोस आणि २४ कागदांचा दस्ता अजून शिष्यवृत्तीच्या अभ्यासात आहेत. २० दस्त्यांचं रीम, म्हणजे ४८० कागद. पण झेरॉक्सच्या दुकानात रीम घ्यायला जा, गठ्ठ्यावर ५०० लिहिलेलं असतं. पेपरात ४८० लिहायचं आणि दुकानात ५०० मोजून घ्यायचे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि घरात माळ्यावर जुनी पायली असेल तर खाली काढा. रविवारी पोरांना तिनं बाजरी मोजायला लावा, एकदा शीग लावून, एकदा हात फिरवून. मग दोन्ही वेळची बाजरी काट्यावर घाला आणि फरक किती ग्रॅमचा येतो तो वहीत लिहायला सांगा. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं तेवढं विसरू नका.