लेबलभाष्य

मूळ :
ई एम ४७३१२४८२९ आय एन
प्रति : मु. पो. ता. जि. रत्नागिरी – ४१५६१२
प्रेषक : सावंतवाडी – ४१६५१०
वजन २.४०० कि.ग्रॅ.; ४० × ३० × २५ सें.मी.
(दोन उभे बाण, एक पेला)

व्यक्तींची नावे गाळली आहेत. पेटीत सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत असे धरून चाल. या पाच ओळी एकाच वाचकासाठी लिहिलेल्या नाहीत. कोणती ओळ कोणाशी बोलते हे आधी ठरव, मग अर्थाला हात घाल.

‘ई एम ४७३१२४८२९ आय एन’
ही ओळ यंत्राशी बोलते. चिन्हे तेरा, ती जागतिक टपाल संघाच्या एस-१० या मानकाप्रमाणे. पदच्छेद असा : दोन अक्षरे, आठ अंक, एक अंक, दोन अक्षरे. ‘ई’ म्हणजे शीघ्र सेवा, आपले स्पीड पोस्ट. आठ अंक हा अनुक्रम. नववा अंक अनुक्रमाचा नव्हे, त्याचा राखणदार आहे.

राखण कशी? आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुण आणि बेरीज घे. येथे ३२, ४२, १२, २, ६, २०, ७२, १४, एकूण २००. ११ ने भागून बाकी २. अकरातून दोन गेले, उरले ९. (वजाबाकी १० आली तर ० लिहावा, ११ आली तर ५.) आता समज, टंकणाऱ्याने ‘४८’चे ‘८४’ केले. बेरीज १८४, बाकी ८, राखणदार ३ यायला हवा. लेबलवर तर ९ आहे. म्हणजे चूक पार्सल हलण्याआधीच पकडली जाते. हे एकदा स्वतः कागदावर करून पाहा. नुसते वाचून पटत नाही.

‘आय एन’ म्हणजे भारत. पण कोणत्या अर्थाने? पुष्कळ जण ‘जाण्याचा देश’ असा अर्थ करतात, तो चूक. क्रमांक देणाऱ्या टपालखात्याचा देश, हा खरा अर्थ. म्हणून येथून शिकागोला गेलेल्या पार्सलवरही ‘आय एन’च असते.

‘मु. पो. ता. जि. रत्नागिरी’
शब्द एक, उपाध्या चार. अन्वय लावताना ‘रत्नागिरी’ हे पद चार वेळा घ्यावे : मुक्काम रत्नागिरी, पोस्ट रत्नागिरी, तालुका रत्नागिरी, जिल्हा रत्नागिरी. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव. पोस्ट म्हणजे त्या गावाचे टपाल जेथून वाटले जाते ती कचेरी. वाडीवर कचेरी नसेल तर ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरे, असे तोडून लिहावे लागते. सवयीने ‘मु. पो.’ जोडून लिहिणारा नसलेली कचेरी कागदावर उभी करतो. ही ओळ पोस्टमनशी बोलते.

‘४१५६१२’
हे छाननी करणाऱ्याला सांगितले आहे. पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. तो मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी होते. सहा अंकांत पत्ता बसवणाऱ्याला सूत्राची काटकसर ठाऊक असावी, असे मला उगाच वाटते. पहिला अंक विभाग : ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा. शेवटचे तीन वाटपाची कचेरी.

शंका : ४१५ म्हणजे रत्नागिरी जिल्हा का? नाही. घाटावरचे सातारा शहरही ४१५००१ आहे. सांगली ४१६४१६ आणि खालच्या ओळीतली सावंतवाडी ४१६५१०. दोन्ही ४१६ मध्ये. याचा अर्थ, येथील ‘जिल्हा’ टपालाच्या वाटांनी आखलेला आहे, महसुलाचा नव्हे. पिन पार्सलला कचेरीपर्यंत नेतो. पुढे दारापर्यंत शब्दच नेतात. तेव्हा पिन आहे म्हणून पत्ता आखडू नये.

‘प्रेषक’
येथे ‘न मिळाल्यास परत’ अध्याहृत आहे. बाकी स्पष्ट.

‘वजन…’
वजने दोन. काट्यावरचे २.४ किलो. दुसरे जागेचे : हवाई कुरिअरकडे गेलास तर बहुधा लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात. येथे ३०,००० भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. जे जास्त त्याचे पैसे. मापे लेबलवर का, ते यातून कळावे. खेळण्यांभोवती हवा भरून पाठवणारा हवेचे भाडे भरतो.

बाण आणि पेला
हे हमालासाठी, त्याची भाषा कोणती हे पाठवणाऱ्याला माहीत नसते, म्हणून चित्र. पूर्वपक्ष : आत लाकूड आहे, काच नाही, मग पेला का? समाधान : पेला लक्षणेने घ्यावा. म्हणजे ‘नाजूक’. बाण पेटीच्या बाजूंवर काढावेत. झाकणावरचा बाण आडवाच दिशा दाखवतो, म्हणजे काहीच दाखवत नाही.

लेबल करताना एक दोष विशेष टाळ : जुन्या पेटीवरचे जुने लेबल. तो पाठभेद होय. ग्रंथात पाठभेद असला तर पंडित तारतम्य पाहतो. यंत्र जो बारकोड आधी दिसेल तो वाचते. जुने खरवडून काढ. नवे पेटीच्या कडेवर दुमडू नकोस.

ट्रकने जाणाऱ्या मालाचा पाठ वेगळा, त्यातल्या तीनच पदांकडे पाहू : ‘१/३. घेणार : सेल्फ. टू पे.’

‘१/३’ हा अपूर्णांक नव्हे. तीन नगांपैकी पहिला, असा अर्थ. अध्याहृत : आणखी दोन आहेत. एकच हाती आला तर पावतीवर ‘दोन नग कमी’ असे लिहूनच सही करावी.

‘सेल्फ’ म्हणजे पाठवणारा स्वतः. मग माल त्याच्याकडेच परत जायचा का? नाही. माल कोणाला सोडायचा हे त्याने हातात ठेवले आहे. पैसे मिळाले की तो बिल्टीमागे (ट्रकवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीमागे) सही करून ती पुढे देतो.

‘टू पे’ म्हणजे भाडे उतरवण्याच्या ठिकाणी. पण घेणाऱ्याचे नावच नाही, तर भाडे मागायचे कोणाकडे? वरच्या पदाने उत्तर दिले आहे : सही केलेली बिल्टी घेऊन गोडाऊनच्या खिडकीशी येईल त्याच्याकडे.