दशांश अपूर्णांकाचे कूळ

एखादी गणिती रीत कोणाची, हे ठरवताना ती सर्वांत आधी कोणी वापरली एवढेच पाहण्याची आपली सवय आहे. दशांश अपूर्णांकांना हा निकष लावला, की गियासुद्दीन जमशीद अल्-काशी हे नाव मागे पडते. दमास्कसच्या अल्-उक्लिदिसीने दहाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या अंकगणितात असे अपूर्णांक आढळतात, बाराव्या शतकात अस्-समवअलने भागाकार व मुळे काढताना ते वापरले, आणि चीनमध्येही दशमान मापांमुळे तशी मांडणी रुळलेली होती. तरीही या कुळातला मोठा मान काशीचाच आहे, कारण सुटी युक्ती आणि नियमबद्ध पद्धत यांच्यातले अंतर त्याने ओलांडले.

इराणातल्या काशान शहरात १३८० च्या सुमारास तो जन्मला, म्हणून काशी. तैमूरच्या स्वाऱ्यांच्या काळात त्याने गरिबीतच अभ्यास केला; २ जून १४०६ चे चंद्रग्रहण त्याने काशानमध्येच टिपले. पुढे तैमूरचा नातू उलुग बेग याने त्याला समरकंदला बोलावले. त्या काळी ज्योतिषी साठाच्या पटीत हिशेब करत आणि व्यवहारातले लोक दहाच्या. १४२४ मध्ये काशीने वर्तुळाच्या परिघावर ग्रंथ लिहिला. अट त्यानेच घातली होती: व्यास पृथ्वीच्या सहा लाख पट असला तरी परिघातली चूक घोड्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी असावी. त्यासाठी त्याने ८०,५३,०६,३६८ बाजूंच्या बहुभुजापर्यंत मजल मारली. उत्तर आले साठाच्या पटीत. पण तिथे न थांबता त्याने ते दशांशात बदलून १६ स्थळांपर्यंत दिले. साठाची रीत न जाणणाऱ्यांनाही ते वापरता यावे, हा त्याचा हेतू होता.

हाच हेतू १४२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मिफ्ताह अल्-हिसाब’ या ग्रंथात शिस्तीने उतरला. हे पुस्तक कारकून, व्यापारी, जमीन मोजणारे आणि इमारती बांधणारे यांच्याही कामाचे होते. ज्योतिष्यांच्या मापनात अंशाचे साठ भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ, अशी उतरंड होती. साठाच्या जागी दहा ठेवले तरी तेच नियम लागू पडतात, हे काशीने ओळखले आणि या अपूर्णांकांच्या गुणाकार-भागाकाराची रीत सांगितली. त्यामुळे पूर्णांक आणि अपूर्णांक एकाच नियमाखाली आले.

अल्-उक्लिदिसीवर यात अन्याय होत नाही का? त्याचे श्रेय खरेच आहे. १९ ही संख्या पाच वेळा निम्मी करून आलेले उत्तर त्याने दशांशात लिहिले आहे. पण त्याच्याकडे ही सोय निम्मे करणे किंवा दहावा भाग मिळवणे अशा उदाहरणांपुरतीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपात ही रीत रुजवली ती सिमोन स्टेविनच्या १५८५ च्या पुस्तिकेने, आणि त्याने काशी वाचल्याचा पुरावा नाही. हे मान्य केलेच पाहिजे. पंधराव्या शतकातल्या एका बायझंटाईन हस्तलिखितात ही रीत तुर्कांची म्हणून आली आहे, म्हणजे ती पश्चिमेकडे सरकत होती. तरी तेवढ्यावरून स्टेविनला काशीचा वारस ठरवता येणार नाही. पण कुळाला एकच शाखा असते असे कुठे आहे? स्टेविनने स्वतंत्रपणे तीच वाट शोधली असेल, तर त्याने काशीचे काम दीड शतकाने जुने असण्यात काही फरक पडत नाही.

१४२९ मध्ये समरकंदलाच काशीचा मृत्यू झाला. आज फ्रान्समधल्या शाळांत त्याचे नाव घेतले जाते ते त्रिकोणाच्या कोसाइन नियमासाठी, ज्याचे भूमितीय रूप युक्लिडपाशीच सापडते. खरे तर त्याचे नाव दशांश अपूर्णांकाच्या धड्यात हवे. विद्वानांच्या हाती असलेली अचूकता साध्या हिशेबनिसाला देणे, हे त्याचे सर्वांत मोठे काम होते.