ख्रिसमसचे जेवण : काय घरी रांधावे, काय विकत आणावे

ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरच्या दुपारी होणारे भोजन हे वर्षातले सर्वांत मोठे कौटुंबिक जेवण मानले जाते. भाजलेली टर्की, स्टफिंग, भाजलेले बटाटे, पार्स्निप आणि गाजरे, ब्रसेल्स स्प्राउट्स, बेकनमध्ये गुंडाळलेली छोटी सॉसेजेस, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस आणि शेवटी ख्रिसमस पुडिंग असा त्याचा रूढ थाट असतो. यांतला एकेक पदार्थ सुटा घेतला तर फारसा अवघड नाही. खरी अडचण अशी, की घरात ओव्हन एकच असतो आणि सारे पदार्थ एकाच वेळी गरमागरम टेबलावर यावे लागतात. त्यामुळे डिसेंबर लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : सगळे मुळापासून घरी करायचे, की तयार वस्तूंचा आधार घ्यायचा? चकल्या घरच्या की बाहेरच्या, हा वाद दर दिवाळीत ऐकणाऱ्या मराठी कुटुंबांना या प्रश्नामागचा संकोचही ओळखीचा वाटेल. तयार वस्तू आणली म्हणजे पाहुणचारात कसूर झाली, अशी ती भावना असते. या जेवणाचा इतिहास मात्र तिला फारसा दुजोरा देत नाही.

‘घरचे’ जेवण किती घरचे?

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या गरीब क्रॅचिट कुटुंबाचे हंसाचे मांस घरी शिजत नाही; ते बेकऱ्याच्या दुकानातून भाजून आणले जाते. त्या काळी लंडनमधल्या असंख्य कष्टकरी घरांत ओव्हनच नव्हता. सणाच्या दिवशी बेकऱ्याच्या भट्टीत थोडे पैसे देऊन आपला पक्षी भाजून घेणे ही सर्वमान्य रीत होती. तो विकत घेण्यासाठी लोक वर्षभर दर आठवड्याला काही पेनी ‘गूज क्लब’मध्ये साठवत. टर्की तेव्हा सधनांच्या पानातली होती. ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, मोठ्या प्रमाणावरील पक्षिपालन आणि शीतगृहांची सोय झाल्यावर.

तयार वस्तूंची परंपराही जुनीच आहे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली अंड्याविना कस्टर्डची पूड तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. ‘पॅक्सो’ हे स्टफिंगचे तयार मिश्रण १९०१ सालचे, ‘बिस्टो’ ही ग्रेव्हीची पूड १९०८ सालची, तर ‘ऑक्सो’ची वडी १९१० सालची. म्हणजे आजच्या आजीच्या हातची म्हणून वाखाणली जाणारी ग्रेव्ही पुष्कळदा डब्यातल्या पुडीचीच असणार. १९४० ते १९५४ या शिधावाटपाच्या काळात तर किसलेले गाजर घालून पुडिंगचा गोडवा साधला जाई. उपलब्ध असेल त्यात सण साजरा करणे हाच या जेवणाचा मूळ धर्म आहे.

जेथे आडवाट नाही

तयार वस्तूंनी श्रम वाचतात. टर्की वितळण्यास, शिजण्यास आणि निवण्यास लागणारा वेळ मात्र वाचवता येत नाही. या जेवणातून होणाऱ्या विषबाधेचे मूळ बहुधा याच तीन टप्प्यांतल्या घाईत असते.

गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये वितळण्यास किलोमागे १० ते १२ तास लागतात. पाच किलोच्या पक्ष्याला ५० ते ६० तास हवेत. म्हणून तो २२ डिसेंबरच्या संध्याकाळीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवावा. आत बर्फ राहिला तर बाहेरचे मांस करपू लागते तरी हाडाजवळचे कच्चेच राहते.

कच्ची टर्की नळाखाली धुऊ नये. कोंबडी धुतल्यावाचून शिजवायची नाही ही सवय भारतीय स्वयंपाकघरात खोल रुजलेली आहे. परंतु ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू ओटा, भांडी आणि शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात. जंतू मरतात ते पुरेशा उष्णतेने, धुण्याने नव्हे.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापवून घेतल्यावर साडेचार किलोपेक्षा लहान टर्कीला किलोमागे ४५ मिनिटे आणि वर २० मिनिटे, साडेचार ते साडेसहा किलोच्या टर्कीला किलोमागे ४० मिनिटे, तर त्याहून मोठीला किलोमागे ३५ मिनिटे असा सर्वसाधारण हिशेब आहे. स्टफिंग पोटात न भरता निराळ्या भांड्यात भाजावे. पोट भरलेले असले की उष्णता आत उशिरा पोहोचते आणि हा हिशेब चुकतो. अखेरचा निवाडा घड्याळाने नव्हे, तर स्वयंपाकाच्या थर्मामीटरने करावा. मांडी आणि छाती यांमधल्या सर्वांत जाड भागात ७० अंश तापमान सलग दोन मिनिटे टिकले पाहिजे. थर्मामीटर नसेल तर तेथे सुरी खुपसून पाहावी : रस स्वच्छ वाहावा, आत गुलाबी मांस दिसू नये.

कोठे स्वतःचा हात, कोठे तयार वस्तू

सर्व पदार्थांना सारखेच श्रम द्यावेत असे नाही. घरी केल्याने चवीत मोठा फरक पडतो असे पदार्थ थोडेच आहेत. त्यांत पहिला मान भाजलेल्या बटाट्यांचा. मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड जातीचे पिठूळ बटाटे मोठ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडावेत, पाणी निथळून भांडे हलवावे म्हणजे कडा खरबरीत होतात, आणि मग कडकडीत तापलेल्या तेलात सोडून २०० अंशांवर ५० ते ६० मिनिटे भाजावेत. तयार गोठवलेल्या फोडींना ही कुरकुरीत पापुद्र्याची गोडी सहसा येत नाही.

दुसरा पदार्थ ग्रेव्ही. टर्कीच्या ताटात उतरलेला रस पुडीत मिळत नाही. त्यावरची चरबी काढून, दोन चमचे मैदा परतून, पाणी किंवा यखनी घालून उकळले की काम झाले. पुडीची ग्रेव्ही वापरायची असली तरी ती या रसात कालवली तर तिचा तयारपणा लपतो. तिसरा क्रॅनबेरी सॉस. फळे, साखर आणि संत्र्याचा रस दहा मिनिटे शिजवले की तो होतो, आणि आठवडाभर आधी करून ठेवता येतो.

याउलट पुडिंग विकत आणण्यात कमीपणा मुळीच नाही. घरी करायचे तर ॲडव्हेंटच्या आधीच्या रविवारी, म्हणजे ‘स्टर-अप संडे’ला, मिश्रण ढवळण्याची प्रथा आहे. घरातल्या प्रत्येकाने एकेक फेरा देत मनात इच्छा धरायची आणि मिश्रणात चांदीचे नाणे टाकायचे असा संकेत. पुढे ते सहा ते आठ तास वाफवावे लागते आणि सणाच्या दिवशी पुन्हा दोन तास. उकडीच्या मोदकांची सवय असलेल्यांना ही क्रिया नवी नाही. फक्त भांड्यातले पाणी आटू न देण्याची दक्षता घ्यावी. विकतचे पुडिंग मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत गरम होते. १९२७ साली ‘एम्पायर मार्केटिंग बोर्डा’ने राजघराण्याच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती प्रसिद्ध केली, तीत झांझिबारची लवंग आणि जमैकाची रम यांच्या जोडीला मसाल्यासाठी हिंदुस्थानचेही नाव होते. या ‘अस्सल इंग्रजी’ गोडाचे मूळ किती दूरवर पसरलेले आहे ते त्यावरून कळते.

स्टफिंग, ब्रेड सॉस, कस्टर्ड आणि बेकनमध्ये गुंडाळलेली सॉसेजेस हेही तयार आणले तर ताटात फारसे उणे वाटत नाही. चार-सहा माणसांसाठी अखंड पक्ष्याऐवजी ‘टर्की क्राउन’, म्हणजे पाय वगळून हाडासकट छातीचा भाग, आणला तर वेळही वाचतो आणि उरलेल्या मांसाचा ढीगही टळतो.

वेष्टण वाचताना

तयार वस्तूंचा एक धोका मराठी घरांत विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुडिंग आणि ‘मिन्समीट’ या दोहोंत परंपरेने सूएट असते, म्हणजे गाय-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. मिन्समीटमध्ये आज नावापुरतेही मांस नसते, ते मनुका, सफरचंद, साखर आणि मसाले यांचे मिश्रण असते. पण चरबी असू शकते. वनस्पतिजन्य सूएटचे प्रकार सर्रास मिळतात, तेव्हा वेष्टणावरची घटकांची यादी पुरती वाचावी. या यादीत ठळक अक्षरे असतात ती केवळ कायद्याने ठरवलेल्या १४ ॲलर्जीकारक घटकांना. गोमांसाची चरबी त्यांत नाही, म्हणून ती साध्या अक्षरांत डोळ्यांआड होते. तयार बटाट्यांना हंसाची वा गुरांची चरबी लावलेली असू शकते, आणि पुडिंगमध्ये बहुधा ब्रँडी असते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी डाळ, सुकामेवा आणि पावाचा चुरा यांचा ‘नट रोस्ट’ आदल्या दिवशी करून ठेवता येतो. बटाटे आणि भाज्या सुरुवातीपासून तेलातच, निराळ्या ताटात भाजल्या, तर त्या सर्वांना चालतात आणि दोनदा रांधण्याचे श्रम वाचतात. शाकाहाऱ्यांसाठी ग्रेव्हीही कांदा आणि भाज्यांच्या पाण्याची स्वतंत्र करावी.

वेळापत्रक

डेलिया स्मिथ यांच्या १९९० सालच्या ख्रिसमसविषयक पुस्तकात शेवटच्या ३६ तासांचे स्वतंत्र वेळापत्रक दिले आहे. घड्याळाकडून उलट मोजत येणे हीच या जेवणाची गुरुकिल्ली. पाच किलोची टर्की आणि दुपारी दोनची पंगत धरली तर क्रम असा लागतो :

* २४ डिसेंबर : भाज्या सोलून-चिरून ठेवाव्यात, स्टफिंग कालवावे, नट रोस्ट करून ठेवावा.
* सकाळी ९.२० : ओव्हन तापत ठेवावा. ९.४० : टर्की आत.
* दुपारी १२ : घरचे पुडिंग वाफेवर. १२.३० : बटाटे उकडणे.
* दुपारी १ : तापमान तपासून टर्की बाहेर काढावी, फॉइलने सैल झाकून निवू द्यावी. ओव्हन २०० अंशांवर नेऊन बटाटे आत.
* १.१५ : पार्स्निप, गाजरे, स्टफिंग, सॉसेजेस. नट रोस्टही याच वेळी गरम करावा.
* १.३० : ग्रेव्ही. १.५० : स्प्राउट्स उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे, मोहरीची फोडणी दिली तरी शोभतात.

टर्कीला मिळणारी ही तासाभराची विश्रांती दुहेरी कामाची आहे : रस मांसात मुरतो, आणि एकुलता एक ओव्हन बटाट्यांसाठी मोकळा होतो.

सामान २४ तारखेपर्यंत घरात असलेच पाहिजे. २००४ च्या कायद्यान्वये इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने नाताळच्या दिवशी बंद असतात, आणि लंडनमध्ये त्या दिवशी बस व भुयारी रेल्वेही धावत नाही. विसरलेली फॉइल आणायला धावता येत नाही.

उरलेले मांस हाडांपासून सोडवून एक-दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि ४८ तासांत संपवावे. पुन्हा गरम करायचे ते एकदाच, आणि वाफा येईपर्यंत. हाडांची यखनी होते, मांसाचा २६ तारखेला रस्सा होतो. भांडी घासण्याचे काम मात्र, ज्यांनी सकाळपासून ओव्हन सांभाळला त्यांच्याकडे नसावे, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे.