निश्चल देह आणि जागें मन

मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं, हें ओळखणें पूर्वीच्या काळीं फारसें अवघड मानलें जात नसे. नाकाशीं सूत धरावें, आरशावर श्वासाचा ओलावा उमटतो कीं काय तें पाहावें, छातीला कान लावावा. एवढ्यानें निकाल होई. परंतु श्वास चालला आहे, नाडी लागते आहे, डोळे उघडे आहेत, आणि तरीही हांक मारली असतां कोणी ओ देत नाहीं, अशा मनुष्याविषयीं काय म्हणावें? तो आंत आहे कीं नाहीं? हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या चर्चेंतून निघून रुग्णालयांतील खाटेपाशीं येऊन बसला, त्याला अद्याप शंभर वर्षेंही झालीं नाहींत. त्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावा असा आमचा विचार आहे. हा इतिहास नुसता यंत्रांचा नव्हे. दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ लावतांना जाणते लोक कसे चुकले, आणि ती चूक त्यांनीं स्वतःच कशी शोधून काढली, याचा तो इतिहास आहे.

असे रोगी पूर्वी नव्हते काय? होते, पण ते फार दिवस जगत नसत. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरून मरूं लागले. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें गळ्याला छिद्र करून नळी घालण्याचा व रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा उपाय योजला; आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रात्रंदिवस त्या पिशव्या दाबून कित्येकांचे प्राण राखले. पुढें हातांची जागा यंत्रानें घेतली, अतिदक्षता विभाग निघाले, आणि ज्यांच्या मेंदूला जबर इजा झाली आहे असेही रोगी जगूं लागले. विद्येनें एक दार उघडलें, तों आंत एक नवाच प्रश्न उभा होता.

त्यांतील एका प्रकाराचा निवाडा लवकर झाला. १९५९ सालीं पॅरिसच्या मोलारे व गूलों या डॉक्टरांनीं, मेंदूचें सर्व कार्य थांबलें असून केवळ यंत्राच्या बळावर श्वास चालला आहे, अशा अवस्थेचें वर्णन केलें; १९६८ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें तिच्या कसोट्या ठरविल्या. तिलाच आज आपण मेंदूमृत्यु म्हणतों. पण ज्यांचा मेंदू सर्वस्वीं मेलेला नाहीं, जे यंत्राविना श्वास घेतात, सकाळीं डोळे उघडतात आणि रात्रीं मिटतात, त्यांचें काय? ग्लासगोचे ब्रायन जेनेट व न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनीं १९७२ सालीं या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' असें नांव दिलें. वनस्पतीप्रमाणें केवळ जीवनव्यापार चालू, असा त्याचा भावार्थ. या नांवामागें एक महत्त्वाचा भेद होता. जागेपण निराळें आणि जाणीव निराळी. मोरुत्सी व मॅगून यांनीं १९४९ मध्येंच मांजरांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, मस्तिष्कस्तंभांतील एका जाळीदार भागाला चेतना दिली असतां मेंदूचा विद्युत्-आलेख निद्रेचें रूप टाकून जागृतीचें रूप घेतो. हा भाग शाबूत राहिला आणि वरचा मेंदू निकामी झाला, तर दिवा लागलेला असावा आणि घरांत कोणी नसावें, अशी स्थिति होते.

परंतु घरांत कोणी नाहीं हें ठरवावयाचें कसें? १९७४ सालीं टीसडेल व जेनेट यांनीं ग्लासगोचें प्रसिद्ध मापन पुढें आणलें. डोळे, वाचा आणि हालचाल या तिहींचे गुण मिळवून आज ३ पासून १५ पर्यंत जो आंकडा डॉक्टर सांगतात, तो याच मापनाचा. हें मापन सोपें व अत्यंत उपयुक्त आहे. पण त्याचें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. या तिन्ही खिडक्या शरीराच्या आहेत. मनानें उत्तर द्यावयाचें तें स्नायूंच्या द्वारें; आणि स्नायूच हुकमांत नसतील तर? अलेक्झांद्र द्यूमा याच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरींत न्वार्तिए नांवाचा पक्षाघातानें जखडलेला वृद्ध आहे. तो डोळे मिटून 'होय' म्हणतो. कादंबरीकारानें १८४४ च्या सुमारास जें रंगविलें, त्या अवस्थेला वैद्यकानें आपलें नांव दिलें तें प्लम व पोस्नर यांच्या १९६६ च्या ग्रंथांत. न्वार्तिएचें दैव बरें, कीं पापण्या तरी त्याच्या होत्या आणि त्या वाचणारी नात घरांत होती.

ज्यांना तेंही भाग्य नव्हतें त्यांची गोष्ट १९९६ सालीं उघड झाली. लंडनच्या एका पुनर्वसन रुग्णालयांत 'व्हेजिटेटिव्ह' असा शिक्का घेऊन आलेल्या ४० रोग्यांची अँड्र्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धीरानें पाहणी केली. कोणाच्या बोटाखालीं घंटीची कळ ठेविली, कोणाला नजरेनें वस्तु दाखवावयास सांगितलें. त्या ४० पैकीं १७ जणांस जाणीव होती! त्यांतील बहुतेकांची दृष्टि गेलेली किंवा अतिशय मंद झालेली होती. डोळ्यांपुढें बोट फिरवावें आणि नजर मागें येत नाहीं म्हणून मन नाहीं असें ठरवावें, हा केवढा अन्याय! आंधळ्याला चित्र दाखवून त्याच्या बुद्धीची परीक्षा घेण्यासारखाच तो प्रकार होता.

मग शरीराला वळसा घालून थेट मेंदूलाच विचारतां येईल काय? जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यानें १९२४ मध्यें मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या होत्या. पण त्या लहरींना प्रश्न विचारण्याची युक्ति सुचण्यास बराच काळ जावा लागला. केंब्रिजचे एड्रियन ओवेन व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं एका तरुण स्त्रीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मोटार-अपघातानंतर पांच महिने ती निश्चल पडून होती. तिला एम.आर.आय. यंत्रांत ठेवून सांगण्यांत आलें, 'तूं टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर'. पुढें सांगण्यांत आलें, 'आपल्या घरांतून खोलीखोलींत हिंडते आहेस अशी कल्पना कर.' पहिल्या आज्ञेसरशी मेंदूचा हालचालींची योजना करणारा भाग उजळला, दुसरीसरशी जागांची स्मृति राखणारा भाग. आणि निरोगी माणसांच्या मेंदूंतही नेमके तेच भाग उजळत होते. 'टेनिस' हा शब्द कानीं पडतांच मेंदू आपोआप चाळवला असेल, असा आक्षेप निघाला. पण तो व्यापार शब्दासरसा विझत नव्हता; 'आतां विश्रांति घे' असें सांगेपर्यंत, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, टिकत होता. २०१० मध्यें केंब्रिज व लिएज येथील संशोधकांनीं पुढचें पाऊल टाकलें. ५४ रोग्यांपैकीं ५ जणांना असें मन वळवितां आलें. त्यांतील एकानें टेनिस म्हणजे 'होय' व घर म्हणजे 'नाहीं' या संकेतानें आपल्या कुटुंबाविषयींच्या ६ पैकीं ५ प्रश्नांचीं उत्तरें बरोबर दिलीं. अपघातानंतर पांच वर्षें तो मुका पडून होता.

येथें उत्साहाला लगाम घातला पाहिजे. ५४ पैकीं ५, म्हणजे ४९ जणांकडून कांहींच आलें नाहीं. २०१९ सालीं न्यूयॉर्क येथें, आज्ञा न पाळणाऱ्या १०४ रोग्यांना 'मूठ उघडा, मूठ मिटा' असें सांगून त्यांचे विद्युत्-आलेख घेतले, तेव्हां १६ जणांचा मेंदू आज्ञा पाळीत असल्याचें दिसलें; आणि वर्षानंतर सुधारणा झालेल्यांचें प्रमाणही त्यांच्यांत बरेंच अधिक निघालें. २०२४ मध्यें अनेक देशांतील रुग्णालयांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकीं ६० जणांचा मेंदू उत्तर देत होता. पण त्याच पाहणींत, जे उघडपणें आज्ञा पाळीत होते अशा ११२ जणांपैकीं यंत्राला उत्तर मिळालें तें केवळ ४३ जणांकडून. म्हणजे समोर बोललेलें ऐकून हात हलविणारा मनुष्यही यंत्राच्या परीक्षेंत नापास होऊं शकतो. यंत्राचा होकार हा पुरावा आहे. त्याचा नकार हा पुरावा नव्हे.

हा सूक्ष्म भेद केवळ प्रयोगशाळेपुरता नाहीं, हें मुंबईकरांस सांगावयास नको. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्याच रुग्णालयांत होत्या. त्यांचें अन्न थांबवावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां न्यायालयानें मुंबईच्या तीन डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करविली. त्या अवस्थेच्या 'बहुतेक' कसोट्या येथें लागू पडतात, असें डॉक्टरांनीं लिहिलें. ज्या परिचारिकांनीं सदतीस वर्षें त्यांच्या अंगावर एक शय्याव्रण होऊं दिला नाहीं, त्यांचें म्हणणें निराळें होतें. २०११ सालीं न्यायालयानें तो अर्ज फेटाळला. मात्र कडक अटींवर उपचार थांबविण्याची वाटही त्याच निकालानें मोकळी केली. एका 'बहुतेक' या शब्दावर केवढा भार पडतो पाहा! कायद्याला निश्चित उत्तर हवें असतें, आणि वैद्यक प्रामाणिक असेल तर तें अनेकदां देऊं शकत नाहीं.

तर मग घरच्या माणसांनीं काय करावें? असलीं यंत्रें गांवोगांव मिळणार नाहींत. पण या इतिहासांतील सर्वांत उपयोगी शिकवण फार महाग नाहीं. लिएजच्या संशोधकांना असें आढळलें कीं, अर्धवट जाणीव असलेला रोगी हलणाऱ्या वस्तूकडे किंवा माणसाकडे पाहत नाहीं, तेव्हांही स्वतःचा चेहरा दाखविणाऱ्या आरशाकडे तो पुष्कळदां पाहतो. म्हणून आज काळजीपूर्वक तपासणी करणारे डॉक्टर आरसा जवळ बाळगतात, आणि एकदां तपासून न थांबतां निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या दिवशीं पुनः पुनः तपासतात. पूर्वी जो आरसा नाकाशीं धरीत, तोच आतां डोळ्यांपुढें आला आहे. खाटेपाशीं बसलेल्या आईला किंवा बहिणीला जी हालचाल दिसते ती कधीं आशेची भूल असेल, हें खरें. पण ती वेळ व प्रसंग यांसह टिपून डॉक्टरांपुढें ठेवण्यासारखी असते, आणि ती हंसण्यावारी नेण्याचा अधिकार १९९६ नंतर कोणत्याही शहाण्या वैद्यास उरलेला नाहीं. रोग्यासमोर तो तेथें नसल्याप्रमाणें बोलूं नये, हेंही त्यांतच आलें. त्यानें ऐकलें नाहीं असें सिद्ध होईपर्यंत तो ऐकतो आहे असें धरून चालण्यांत आपलें कांहींच जात नाहीं. आणि उलट धरून चाललों, तर त्याचें काय जाईल हें त्याला सांगतां येणार नाहीं.